हवाईपट्टीखालच्या बांध्यांची नावं

बोडीकाठ:

आमची आजी मागच्या पौषात गेली. नव्वदी केव्हाच ओलांडली होती. शेवटची दोन वर्षं सकाळी काय जेवली ते तिला दुपारी आठवत नसे, पण हवाईपट्टीखाली गेलेल्या बांध्यांची नावं मात्र एका दमात सांगायची. आंब्याची, तिकोनी, सातखंडी, डोहाची, मोहाची, नवरीची. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली आहेत. हा धागा त्या नावांसाठी काढतोय.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे धानाच्या शेतातला धुऱ्याने वेढलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी. कोणत्या बांधीत पाणी किती दिवस टिकतं, कुठे चिखल खोल, कुठे रोवणी आधी, कुठे उशिरा, हे सगळं त्या नावातच कळायचं. सातखंडी म्हणजे चांगल्या सालात सात खंडी धान देणारी. नवरीची बांधी का, ते आजीलाही माहीत नव्हतं. ती नवरी होऊन आली त्याच्या आधीपासूनच तिचं ते नाव होतं.

वैनगंगेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण पट्टीच्या हद्दीवरून मोजणीचा अर्ज चालू आहे आणि त्यापायी गावात दोन घरांची बोलचाल बंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आम्ही मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होतो. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले, डिसेंबरात कलकत्त्यावर. सरकारने देशभर विमानं उतरवायच्या जागा पाहायला सुरुवात केली आणि त्यातली एक आमच्या वाट्याला आली.

आजीचं लग्न झालं त्याच साली धान चुरून ढोल्यात, म्हणजे कणगीत गेलं, आणि कोतवालाने दवंडी दिली. सपाट जमीन हवी होती, ती तलावाखालचीच होती. म्हणजे गावातली सगळ्यांत चांगली. पटवारी घरोघरी सांगून गेला, लढाई संपली की ज्याची त्याला परत. लोकांनी विरोध का केला नाही, असं मी लहानपणी विचारायचो. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टीच्या उठावानंतर काय झालं ते तेव्हा सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. पोलीस दिसले की बायका दार लावून घ्यायच्या. त्या दिवसांत नको म्हणणं किती जड होतं, हे मला फार उशिरा कळलं.

धुरे मोडले, झाडं तोडली, वर मुरूम टाकून रोलर फिरवला. मुरूम वाहायला गावातल्याच बायका होत्या. आजी पंधरवडाभर डोक्यावर टोपली घेऊन स्वतःच्याच बांधीवर मुरूम टाकत होती. मजुरी रोख मिळायची आणि त्या महागाईत ती गरजेची होती, हेही ती आवर्जून सांगायची. दोन्ही गोष्टी ती एकाच आवाजात सांगायची.

विमानं फार आलीच नाहीत. आजीने मोजलेली अकरा. तिच्याच शब्दांत, "पयलं इमान उतरलं तवा गोठ्यातले बैल दावं तोडून पराले, दोन दिस सापडले नाई." मग एके दिवशी गोरे शिपाई तंबू गुंडाळून गेले. लढाई संपली. बांध्या काही परत आल्या नाहीत.

पुढची ऐंशी वर्षं पट्टीने गावासाठी बरंच केलं. उन्हाळ्यात तिथे मोहफूल वाळतं. तेंदूच्या हंगामात पानं गोळा करायचा फड तिथेच लागतो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे रांगेने पसरलेले असतात. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार हा लोकनाट्याचा खेळ आणि नाटक तिथेच होतं. पट्टीच्या कडेला घोड्याच्या नालेसारखे मातीचे तीन उंच ढिगारे आहेत. त्यातल्या मोठ्या नालेच्या पोटात मंच बांधतात आणि लोक उतारावर बसतात, मागच्या माणसालाही ऐकू येतं. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरतो तोही तिथेच. बंदीच्या वर्षांत थांबला होता, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाला. मी सायकल तिथे शिकलो, माझा मुलगाही तिथेच शिकला.

पण पाण्याचं नुकसान अजून संपलेलं नाही. आमच्या मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा (मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार), पाट जिथून खाली उतरायचा तिथेच पट्टी आडवी आली. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सडतात. खालच्या बाजूच्या बांध्या तलाव भरलेला असतानाही कोरड्या. ज्यांची जमीन गेली त्यांचं तरी लोक बोलतात. ज्यांचं फक्त पाणी गेलं त्यांचं कुणीच बोलत नाही.

आता मी जुना नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकावर एक ठेवून पट्टीखालच्या बांध्या मांडतो आहे. आजीची सहा, बाकी म्हाताऱ्यांकडून मिळालेली नऊ. हे काम कुणी केलं असेल तर मार्गदर्शन करा. आणखी एक विचारायचं आहे. लढाई संपल्यावरही कितीतरी वर्षं रोज रात्री विमान जायचं, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. घरचे त्याला भास म्हणायचे. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी असं काही सांगितलंय का?

मोहफूल:

वाचताना अंगावर काटा आला. स्वतःच्या बांधीवर मुरूम टाकणारी आजी डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्याकडच्या पट्टीबद्दल एक गोष्ट सांगतात. इंग्रज जाताना दोन विमानं खड्ड्यात पुरून गेले म्हणे. दरवर्षी कुणीतरी यंत्र घेऊन येतं. यात काही तथ्य असेल का?

वऱ्हाडी_कपाशी:

आमच्या अकोल्याची शिवणीची धावपट्टीही त्याच काळातली, १९४३ ची. तिची कथा उलट्या बाजूने चालली. ती सोडून दिली गेली नाही, पण पुरेशी लांबही झाली नाही. धावपट्टी वाढवायची तर शेजारी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. मी शाळेत होतो तेव्हापासून विस्ताराच्या बातम्या वाचतोय. तुमच्याकडे शेत गेलं आणि विमान आलं नाही. आमच्याकडे विमान हवं तर पुन्हा शेतच मधे येतं, तेही बियाण्याच्या प्रयोगांचं.

पाण्याचा मुद्दा काढलात ते बरं केलंत. काळ्या मातीत हे दिसत नाही, धानपट्ट्यात लगेच दिसतं.

रेडिअल_इंजिन:

@मोहफूल, पुरलेल्या विमानांची कथा आशियात जवळपास प्रत्येक जुन्या पट्टीबद्दल सांगतात. रंगूनच्या विमानतळावर २०१३ मध्ये गाडलेल्या स्पिटफायरसाठी मोठा गाजावाजा करून खोदकाम झालं, एकही विमान मिळालं नाही. मात्र कथेच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली विमानं लढाईनंतर वापरात ठेवायची नव्हती, म्हणून ती मोडून टाकली गेली. कानपूरला लिबरेटर बॉम्बर विमानांचा असा ढीग पडला होता. त्यातली चाळीसच्या आसपास विमानं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुन्हा उडती केली आणि १९४८ मध्ये हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली. म्हणजे मोडकी विमानं टाकून दिली होती हे खरं. पण आपल्याकडच्या छोट्या पट्टीवर पुरण्याइतकं काही उरलंच नसेल. मुरमात खड्डे करू नका, इतकंच म्हणेन.

@बोडीकाठ, तुमचे नालेसारखे ढिगारे म्हणजे विमानं लपवण्याचे आडोसे. विमानं एका ओळीत उभी केली तर एका बॉम्बमध्ये सगळी जायची. म्हणून ती दूरदूर, तीन बाजूंनी मातीचा बांध घालून ठेवत. बॉम्ब शेजारी पडला तरी छर्रे मातीत अडकावेत हा हेतू. स्फोटाचे छर्रे अडवायला घातलेली माती आता नाटकाचा आवाज धरून ठेवते, हे वाचून फार बरं वाटलं. ते ढिगारे मुरमासाठी कुणी उचलून नेणार नाही याची काळजी घ्या. आमच्या भागातले रस्त्याच्या कामात गेले.

गावात कुणाच्या गोठ्याला भोकाभोकांचा लोखंडी पत्रा आहे का? दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद. भोकांच्या तीन ओळी, प्रत्येकीत एकोणतीस, एकूण सत्त्याऐंशी. वजन सहासष्ट पौंड, म्हणजे सुमारे तीस किलो. ते पत्रे एकमेकांत अडकवून चिखलावरही धावपट्टी तयार व्हायची.

बोडीकाठ:

@रेडिअल_इंजिन, तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी आमच्याच वाडीच्या फाटकाची भोकं मोजली. सत्त्याऐंशी. लहानपणापासून त्याला शेळ्या बांधत आलो.

रेडिअल_इंजिन:

वा! पण यावरून तुमच्या पट्टीवर पत्रे अंथरले होते असं लगेच धरू नका. लढाईनंतर उरलेलं सामान सरकारने डिस्पोजलमध्ये विकलं, ते ठेकेदार आणि भंगारवाल्यांच्या हातून कुठल्या कुठे गेलं. तुमची पट्टी मुरमाची होती असं आजी सांगते, तर मी तिच्यावर विश्वास ठेवीन.

मिसलबंदोबस्त:

भूमी अभिलेखात तीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. या प्रकरणात सगळा घोळ दोन शब्दांचा असतो. एक अधिग्रहण, दुसरं संपादन.

लढाईच्या काळात बहुतेक जमिनी भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ या नियमाखाली अधिग्रहित केल्या गेल्या. त्यात मालकी तुमचीच राहते, ताबा सरकारचा, आणि नुकसानभरपाई साधारण भाड्यासारखी. लढाई संपली की परत, हे पटवाऱ्याने मनाने सांगितलेलं नसावं. कायद्याचा आशयच तसा होता. पण लढाई संपली आणि मुदत वाढली. आधी वटहुकूम, मग १९४७ चा कायदा, मग १९५२ चा. संपादन म्हणजे १८९४ च्या कायद्याने कायमचं घेणं, त्याला निवाडा लागतो आणि रक्कम ठरते. तुमच्या घरी निवाड्याचा कागद आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट आपल्या पूर्व विदर्भाची. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली. पट्टीखाली मालगुजाराची पडीक किंवा चराई असेल तर ती त्या दिवशी सरकारात गेली, त्याबद्दल वाद नाही. पण कुळांच्या बांध्यांचं तसं नाही. घोळ असा झाला की पट्टी सलग दिसते म्हणून नोंद घेणाऱ्याने सगळीच एका रेघेत सरकारी दाखवली. मी अशा नोंदी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

काय कराल? जमिनीच्या बंदोबस्ताचा, म्हणजे सारा ठरवण्याच्या जुन्या मोजणीचा, नकाशा आणि मिसल, म्हणजे तिचं दप्तर, घ्या. मग १९५४-५५ चं अधिकार अभिलेख घ्या. खसरा नंबर एकेक करून जुळवा. निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांच्या नोंदीत, तलावाच्या पाण्याचा आणि पाटाचा हक्क नोंदलेला असतो, तोही काढा. तुमच्या खालच्या बांध्यांच्या लोकांना त्याचा उपयोग होईल. पाट अडवला गेला हे सांगायला त्याहून चांगला कागद नाही.

आणि एक. या सगळ्या कागदांत नंबर आहे, क्षेत्र आहे, आकार आहे. बांधीचं नाव कुठेच नाही. ते तुम्हीच लिहा.

गोंदिया_लोकल:

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीकडे पाहा. तीही ब्रिटिशांनी महायुद्धात, १९४० मध्ये बांधलेली. वर्षानुवर्षं पडून होती. १९९८ मध्ये एमआयडीसीकडे आली, डिसेंबर २००५ मध्ये विमानतळ प्राधिकरणाकडे. आज तिथे वैमानिक घडतात. १३ मार्च २०२२ ला पहिलं प्रवासी विमान उडालं तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. लढाईसाठी घेतलेली जमीन पोरांच्या कामी आली तर वाईट काय? तुमच्याही पट्टीचं काही होऊ शकेल. नुसती नावं गोळा करून काय साधणार?

बोडीकाठ:

राग नाही. बिरसीचं विमान मीही मान वर करून पाहतो. पण तिथेही विस्तारासाठी घरं हलली, पुनर्वसनासाठी लोकांना अर्ज-विनंत्या करत फिरावं लागलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. उद्या आमची पट्टी जागी झाली तर मोजणी करणारा माणूस येईल आणि विचारेल, इथे काय होतं? गाव म्हणेल, मोकळी जागा होती. ती मोकळी नव्हती. तिथे पंधरा बांध्या होत्या, हे नकाशावर असावं असं मला वाटतं. मग काय बांधायचं ते बांधा.

तनस:

गाव ओळखलं. मी शेजारच्या टोलीवरची. नाव लिहीत नाही.

दादा, तुम्ही पट्टीबद्दल लिहिलंत त्यात मुलींचं राहिलं. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावायचं असतं. आपली पट्टी टोकापासून टोकापर्यंत बरोबर सोळाशे भरते, मोजून पाहा. मधल्या आडोशापाशी आठशे होतात. सकाळी साडेचारला आम्ही पाच जणी निघायचो. रस्त्यावर धावलो तर ट्रक, पांदणीवर साप, गावात लोकांच्या नजरा. पट्टीवर काही नाही, सरळ अंधार आणि पायाखाली मुरूम. माझी निवड झाली, आणखी एकीची वनविभागात झाली.

रोवणीनंतर खालच्या बांध्यांत सारसाची जोडी यायची. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या धानाच्या पट्ट्यातच. आमचे पाय वाजले की नर मान उंच करून ओरडायचा. त्याच्या ओरडण्यावर आम्ही वेळ लावायचो.

माझ्या आजोबांचीही एक बांधी पट्टीखाली होती म्हणतात. मला नाव माहीत नाही. रविवारी घरी जाईन तेव्हा विचारते.

सोनेगाव:

धागा आज पाहिला. बोडीकाठ, तुमच्या आजीला भास झाला नव्हता.

माझे वडील नागपूरला टपाल खात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. नागपूर मधोमध आहे, म्हणून. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. पुढे दोन दशकांहून जास्त काळ हे चाललं. सुरुवातीला विमानं होती डकोटा, म्हणजे लढाईतलीच, डिस्पोजलमधून आलेली. कलकत्त्याहून नागपूरला येणारं विमान रायपूरकडून वैनगंगेच्या खोऱ्यावरूनच येणार. तुमचं गाव त्याच वाटेखाली आहे.

वडील म्हणायचे, थंडीत विमानाचं दार उघडलं की चार शहरांचा वास यायचा. आजीने काय वेळ सांगितली होती?

बोडीकाठ:

कसं सांगू कळत नाही. आजी म्हणायची, कोंबडा आरवायच्या पुष्कळ आधी एकदा जातं आणि मग पुन्हा एकदा येतं. कोणत्या बाजूने गेलं हेही सांगायची. दोन खेपा. आम्ही हसायचो.

आता तिचं दुसरं बोलणं लिहितो. ते मी पहिल्या वेळी लिहिलं नव्हतं, कारण त्याचा अर्थ लागत नव्हता. आबाजी, म्हणजे आजोबा, रात्री अंगणात खाटेवर जागे असायचे. विमानाचा आवाज आला की म्हणायचे, "अजून लढाई सरली नाई." आणि कुशीवर वळायचे. पटवाऱ्याने सांगितलं होतं ना, लढाई सरली की परत. वर इमान फिरतंय तोवर ते कचेरीत विचारायला गेलेच नाहीत. वर चिठ्ठ्या-पत्रं जात होती. १९५८ मध्ये आबाजी वारले.

मिसलबंदोबस्त, तुम्ही विचारलंत म्हणून काल घरातली लोखंडी पेटी उघडली. निवाड्याचा कागद नाही. भाड्याच्या दोन पावत्या आहेत, आबाजींच्या अंगठ्याच्या. तिसरी नाही.

मिसलबंदोबस्त:

पावत्या जपून ठेवा, प्लॅस्टिकच्या पाकिटात. मूळ प्रत कुणालाही देऊ नका. भाडं दिलं याचा अर्थ ताबा तात्पुरता होता. हाच कागद अर्जाला जोडायचा. मला खाजगी निरोप करा, अर्जाचा मजकूर मी लिहून देतो. पैसे वगैरे काही नको.

गोंदिया_लोकल:

मी वर नुसती नावं म्हणालो ते मागे घेतो. बिरसीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांना मी विचारायला सुरुवात करतो. तुमचा नकाशा कसा केलात ते पायरीपायरीने लिहाल का?

बोडीकाठ:

लिहितो, वेगळा धागा काढतो. थोडक्यात सांगायचं तर आधी माणसाला पट्टीवर चालत न्या. घरी बसून नावं येत नाहीत. काल आत्याला नेलं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, म्हणून मोटारसायकलवर मागे बसवून मुलाने हळूहळू चालवली. तिला सोनेगाव यांचा प्रतिसाद वाचून दाखवला होता. ती काही बोलली नाही. आडोशापाशी गाडी थांबवायला सांगितली आणि म्हणाली, इथे आवळा होता, आवळ्याची बांधी. ही आजीच्या यादीत नव्हती. सोळा झाल्या.

तनस:

आजोबांना विचारलं. आमची ती लांबोडी. पट्टीच्या दक्षिण टोकाला, मी जिथून धावायला सुरुवात करायची तिथेच. सतरा लिहा.